देवाला सायन्सचं सर्टिफिकेट कशाला?

कालपासून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो फिरायलाय. जिनिव्हाच्या सर्न लॅबमधला, म्हणजे अणूच्या आतल्या कणांवर संशोधन चालतं तिथला नटराज, खाली लिहिलंय की शेवटी शास्त्रज्ञांनी पण शिवाला मानलं. मूर्ती खरी आहे, दोन मीटर उंच आहे, पण ती 2004 साली भारत सरकारनं भेट दिलेली. भेट आलेलं घड्याळ भिंतीला लावलं म्हणजे काय देणाऱ्याचा धर्म घेतला होय? एवढंच लिहिलं तर लगेच एकजण, "तू नास्तिक कधी झालास रे?" तिथं भांडत बसण्यापेक्षा इथं लिहितो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, लॅबला आहे, सतरा वर्षं झाली. फर्नेसमधला रस चमच्यानं घेऊन नाण्यासारखं सँपल ओततात, ते घासून मी स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजायच्या मशीनवर ठेवायचं, ठिणगी पडली की थोड्या वेळात कार्बन किती, सिलिकॉन किती सगळं स्क्रीनवर. आमच्या ग्रे आयर्नला, म्हणजे ओतीव लोखंडाला, कार्बन 3.3 टक्क्यांच्या आसपास लागतोय, फार कमी झाला की कास्टिंग कडक होतंय आणि मशीनशॉपवाले टूल गेलं म्हणून बोंबलत येतात. खंडेनवमीला याच स्पेक्ट्रोला मी हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, फर्नेसपुढं कोहळा फोडतो. पण नंतरच्या पहिल्याच हीटला, म्हणजे फर्नेसमधल्या पहिल्या घाण्याला, कार्बन कमी दिसला तर "पूजा झालीय की, ओता" असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. फर्नेसवरनं "सँपल बंतेन्री?" म्हणून कानडीत हाक येते, म्हणजे सँपल आलं काय हो, मी हातानं नाही म्हटलं की गुपचूप अजून कार्बन टाकतात. सगळे देव मानणारे आहेत बरं का, एक पण नास्तिक नाही.

ग्रुपवर दुसरा मुद्दा आला बिग बँगचा. विश्वाला सुरुवात आहे म्हणजे सुरू करणारा पण असणारच! गंमत म्हणजे विश्व पसरत चाललंय हे 1927 ला मांडणारा आणि 1931 ला सगळं एका आदिम अणूपासून निघालं म्हणणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता, म्हणजे देव मानणाराच. 1951 साली पोप बारावे पायस यांनी भाषणात या थिअरीत देवाच्या निर्मितीचा पुरावा बघितला. खूश कोण व्हायला पाहिजे होतं? लमेत्र. तर त्यालाच ते पटलं नाही. त्याच्या मते थिअरी थिअरीच्या जागी, श्रद्धा श्रद्धेच्या. मला तर वाटतं, उद्या कुणी गणित बदललं तर देव पण बदलायचा काय? आणि दुर्बिणीत देव दिसला नाही म्हणून नाहीच म्हणणारे आमचे पुरोगामी मित्र, ते पण हीच चूक उलटी करतात.

मग धर्म पुरावा देतो का? आधी कुठला धर्म ते सांगा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, माझा जैन मित्र नेमिनाथाच्या दर्शनाला जातो, त्यांच्यात जग निर्माण करणारा देवच नाही, तरी त्याचे उपास माझ्यापेक्षा दहापट कडक.

आमच्या आईचं सांगतो. अप्पा आजारी पडले तेव्हा तिनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला. दवाखाना पण चालूच होता, एक गोळी चुकवली नाही तिनं. अप्पा गेले. माझ्या हिशोबानं टेस्ट फेल, विषय संपला. दिवसकार्य झाल्यावर पहिल्या पुनवेला आई पिशवी भरून तयार. मला राग आला, म्हटलं, "अगं, तिनं ऐकलं नाही की तुझं, मग कशाला चाललीस?" तर म्हणाली, "ऐकलं नाही म्हणून आई बदलायची व्हय?"

यात पुरावा कुठं आहे? नाहीच. तिनं मागितलाच नव्हता. म्हणून म्हणतो, लोक देव मानतात ते अशा घरांमुळं, यल्लम्माच्या डोंगरावरच्या गर्दीमुळं, सर्नमुळं नाही. मग ते फोटो कशाला फिरवायचे? मला तर ते आईचा अपमान केल्यासारखं वाटतंय, जणू तिच्या यल्लम्माला जिनिव्हाचा शिक्का नव्हता म्हणून इतके दिवस काहीतरी कमी होतं.

आणि मी मानतो का? खरं सांगू, दर महिन्याला उत्तर बदलतंय. गेल्या पुनवेला मीच तिला घेऊन गेलो, येताना तिनं भंडाऱ्याची पुडी दिली, "मशीनजवळ ठेव". ठेवलीय, पण खालच्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकमध्ये बांधून, सँपलवर हळद उडायला नको म्हणून.