बालमजुरीचा धडा मोजलाच नाही

तुमच्याकडे छापलेल्या लेखात इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतली संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकास उद्दिष्टं शोधताना झाडं, पाणी, प्रदूषण एवढंच मोजलंय. उद्दिष्टं १७ आहेत हो! एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘फ्लेमिंगो’ या इंग्रजी पुस्तकातला लेखिका अनीस जंग यांचा ‘लॉस्ट स्प्रिंग’ हा धडा घ्या. दिल्लीच्या सीमापुरीत राहणारा, कचरा वेचणारा साहेब, फिरोजाबादेत बांगड्यांच्या धंद्यात अडकलेल्या घरातला मुकेश. त्याला मोटार मेकॅनिक व्हायचंय. आठव्या उद्दिष्टात २०२५ पर्यंत बालमजुरी संपवायचं लिहिलंय, ते २०१५ साली. धडा त्याच्या कितीतरी आधीचा. मी तो शिकवते तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो. नंतर मुलं स्वतःहून विचारतात, ‘मॅडम, आपल्या नाक्यावरच्या टपरीतला तो मुलगा शाळेत का नाही?’ हे प्रश्न कुठल्या तक्त्यात धरणार?