धान्य इन, पीठ आउट

परवा संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी पेस्ट कंट्रोलवाला झालो. तसा मेसेज आहे माझ्या मोबाईलवर, मुद्दाम डिलीट केलेला नाही, कधीतरी कुणाच्या तरी तोंडावर मारायला ठेवलाय.

झालं काय, की चकलीच्या भाजणीचं दळण होतं. आईने डबा हातात दिला आणि सांगितलं, हरभऱ्यावर नाहीतर तांदळावर दळून आण, गव्हावर अजिबात नको, आणि समोर उभा राहा, मोबाईल बघत बसू नकोस. घरात घरघंटी आहे. बायकोने दोन वर्षांपूर्वी घेतली, सध्या तिच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात, कारण आईच्या मते घरघंटीचं पीठ मेलेलं असतं. यावर आमच्याकडे वाद नाही. म्हणजे वाद आहे, पण मी घरी असताना होत नाही.

गिरणी आमच्या कोथरूडातलीच, कर्वे पुतळ्यापासून आत सात मिनिटं. आधी ती एका पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि शेडच्या मागे तीन मजली जुन्या चार बिल्डिंगा. डबा ठेवायचा, मामांना ओरडून सांगायचं "हरभऱ्यावर!", मामा पांढऱ्या भुवया वर करून मान हलवायचे, विषय संपला. तू कोण, कुणाकडे आलास, कशाला आलास, असं त्या आवाजात विचारायची कुणाची टापच नव्हती. आता त्या चार बिल्डिंगांचा चौदा मजली टॉवर झालाय. मामा जुने गाळाधारक, त्यामुळे त्यांना बदली दुकान मिळालं, पण कुठे, तर मागच्या बाजूला, जनरेटर आणि पझल पार्किंगच्या मधे. रस्त्यावरून तिथे दारच नाही. टॉवरच्या मेन गेटमधून आत जायचं. आणि पुढे रस्त्याला लागून, जिथे शेड होती बरोब्बर त्या जागी, कॅफे.

कोथरूडात हे असंच चाललंय, त्यात नवीन काही नाही. एक गल्ली सोडून दुसऱ्या गल्लीत पत्रे लागलेले, सकाळी दुधाला गेलो तेव्हा उभी असलेली बिल्डिंग संध्याकाळी भाजीला जाताना नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक कोथरूडकर पाहुण्यांना सांगायचा की आशियातलं सगळ्यात वेगाने वाढणारं उपनगर म्हणून आपलं नाव गिनीज बुकात आहे (ते पुस्तक उघडून बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय). आता वाढायला आडवी जागा उरली नाही म्हणून उभं वाढतोय. या सगळ्यात स्वतःचा मान राखून गेला तो फक्त चांदणी चौकातला जुना पूल. २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्री एकच्या सुमारास सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला, अर्धं पुणं टीव्हीसमोर जागं, आणि धूळ खाली बसल्यावर बघतात तर पठ्ठ्या पुरता पडलेलाच नाही, मग पोकलेन लावून उरलेला काढावा लागला. मला त्या पुलाबद्दल फार आदर आहे. आमच्या सोसायट्या मात्र रिडेव्हलपमेंटचा जीआर दाखवला की पडतात.

तर गेट. गेटवर सिक्युरिटीचा पोरगा, बावीस-तेवीसचा, हातात टॅब.

"कुणाकडे सर?"

"गिरणीत."

"फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नाही रे, गिरणी. मागे आहे ना. दळण आहे."

त्याने टॅबवर बोट फिरवलं आणि शाळेत हजेरी घेतात तसं वाचायला लागला. गेस्ट, डिलिव्हरी, कॅब, मेड, ड्रायव्हर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन. दळण नव्हतं.

"गेस्ट टाकतो, पण ज्यांच्याकडे चाललाय त्यांनी अप्रूव्ह करायला पाहिजे."

मामांचा फोन बटणांचा आहे. तो गिरणीत खिळ्याला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगलेला असतो, पीठ जाऊ नये म्हणून. आणि गिरणी चालू असताना तो वाजतोय हे फक्त पिशवी थरथरते त्यावरून कळतं. मी हे सगळं त्या पोराला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग डिलिव्हरी टाकू?"

"टाक."

"कंपनी?"

"आई," मी वैतागून म्हणालो. तो खरंच यादीत शोधायला लागला हो!

मागे एक कॅब हॉर्न देत होती, डबा पाच किलोचा, हात भरून आलेला. या रस्त्याने १९०० नंतर अण्णासाहेब कर्वे हिंगण्याहून फर्ग्युसनला शिकवायला रोज पायी जायचे-यायचे, चिखल तुडवत, तेव्हा त्यांना वाटेत कुणी "पर्पज ऑफ व्हिजिट?" विचारलं नाही म्हणून बरं, नाहीतर 'स्त्रीशिक्षण' तरी कुठल्या रकान्यात टाकणार होते. शेवटी त्या पोरालाच माझी दया आली. म्हणाला, "सर, पेस्ट कंट्रोल टाकतो. त्याला फ्लॅट नंबर लागत नाही, कॉमन एरिया चालतो." माझा नंबर घेतला, ओटीपी आला, टॅबने फोटो काढला. फोटोत मी, घामाघूम, आणि काखेत ॲल्युमिनियमचा गोल डबा. खरं सांगायचं तर शंभर टक्के पेस्ट कंट्रोल वाटत होतो. मग रजिस्टरमध्ये वेगळी नोंद: डबा १, धान्य ५ किलो, इन.

गिरणीत मामांनी नेहमीसारखी मान हलवली, मी समोर उभा राहिलो, हरभऱ्याचं एक दळण शेवटाला आलेलं होतं, म्हणजे सगळं जुळून आलं होतं. तेवढ्यात पाठीवर टकटक. एक बाई, पायात घरातल्या सपाता. "भैया, पेस्ट कंट्रोल आपही हो ना? ॲपपे फोटो आया."

मी मराठीत सांगितलं की नाही, मी दळणाला आलोय. त्या पण लगेच मराठीत आल्या. "हो, पण फोटो तुमचाच आहे ना? आमच्याकडे मुंग्या झाल्यात हो, ६०२. मागच्या वेळचा माणूस नुसता फवारून गेला." गिरणीच्या आवाजात मी काय सांगितलं आणि त्यांनी काय ऐकलं ते तेच जाणोत, पण "बरं, मग फोन करते" म्हणून त्या गेल्या. यात पाचेक मिनिटं गेली असतील. वळलो तर कापडी नळीतून पीठ पडायला लागलं होतं.

"मामा, हरभऱ्यावरच ना?"

मामांनी मान हलवली. आता ते कशालाही मान हलवतात, ही गोष्ट मला चाळीस वर्षं माहिती आहे, पण त्या क्षणी आठवली नाही.

परतताना गेटवर ७९-अ काका होते. हे काका जुन्या बी बिल्डिंगमधले, माझ्या वडिलांबरोबर रोज फिरायला जायचे, आता टॉवरच्या कमिटीत. रिडेव्हलपमेंटच्या काळात त्यांनी सहकार कायद्याचं कलम ७९-अ आणि ४ जुलै २०१९ चा जीआर एवढा पाठ केला की दोन तृतीयांश कोरम आणि ५१ टक्के संमती हे शब्द त्यांच्या तोंडात आपण हरी विठ्ठल म्हणतो तसे बसलेत. चहा करायचा की सरबत, यावर पण ते घरात मतदान घेत असतील.

त्या पोराने डबा उघडायला लावला. मागे कुणाच्या तरी इंटिरिअरच्या कामातून टाइल्सचे बॉक्स बाहेर गेले, तेव्हापासून नियम असा, की आत नेलेली वस्तू आणि बाहेर जाणारी वस्तू जुळली पाहिजे. डब्यातून गरम भाजणीचा वास आला. पोरगा रजिस्टर बघतोय, डबा बघतोय.

"सर, इनला धान्य आहे. हे पीठ आहे."

"तेच धान्य आहे रे. दळलं."

"ते बरोबर आहे सर. पण मग धान्य आउट झालं नाही."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, घाम होता, बारा तासांची ड्युटी आणि वर दंडाची भीती. मी त्याच्यावर काय ओरडणार! तेवढ्यात काका पुढे आले.

"काय रे, तू? कसा आहेस? आई बरी? पॉइंट त्याचा बरोबर आहे."

"काका, तुम्हीसुद्धा?"

"वजन किती झालं?"

"चार किलो आठशे पन्नास."

"म्हणजे दीडशे ग्रॅम आतच राहिलं."

"घट असते ना काका. दळणात जाते."

"घट!" काकांनी तो शब्द असा उच्चारला की गेटजवळचं कुत्रं उठून उभं राहिलं. मग त्यांनी मला, त्या पोराला आणि एका पार्सलवाल्याला, ज्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता, उभं करून सांगितलं, की जुन्या शेडमध्ये असताना त्यांनी एकदा घरी वजनकाट्यावर मोजून दळण दिलं होतं, परत आल्यावर मोजलं तर दोनशे ग्रॅम कमी, आणि मामा म्हणाले घट. तेव्हापासून त्यांचा संशय आहे. मामांच्या भुवया पांढऱ्या कशाने आहेत? लोकांच्या पिठाने. तेच पीठ! मी म्हटलं, काका, भुवयांवर दोनशे ग्रॅम कसं बसेल? तर म्हणे, रोजचं धर ना.

मग त्यांनी डब्यात चिमूट घातली, अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली. "उडीद जास्त झालाय."

"चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद. आईचं माप आहे."

"मूग?"

"अर्धी."

"पोहे? आमची ही मूठभर पोहे घालायची. कुरकुरीत व्हायच्या." आणि काका एकदम गप्प झाले, डब्याकडे बघत. काकू जाऊन तीन दिवाळ्या झाल्या, जुन्या बिल्डिंगमध्येच गेल्या, टॉवर त्यांनी बघितला नाही. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात काका सावरले आणि म्हणाले, "ते असो. आत कुठल्या हेडखाली आलास?"

पोराने हळूच सांगितलं, पेस्ट कंट्रोल.

काकांचा चेहरा उजळला. "मग सुटला की प्रश्न! झुरळांना आपण काय घालतो? बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या. म्हणजे पीठ हे पेस्ट कंट्रोलचं साहित्य झालं. साहित्य उरलं, ते परत नेतोय. जुळलं!"

"पण काका, ही भाजणी आहे. चकलीची."

"अरे, भाजणीने झुरळ मरतं का? लिहायचं ते बरोबर लिही. गव्हाचं पीठ."

आणि त्यांनी कॅफेच्या जाहिरातीच्या कागदामागे मला अर्ज सांगितला. मी लिहिला. का लिहिला, माहीत नाही, शाळेपासून कुणी असं उभं राहून सांगायला लागलं की माझा हात आपोआप चालतो. "सदर इसमाने कीटक नियंत्रणाकामी आणलेले धान्य जागेवरच दळले असून, वापरानंतर शिल्लक राहिलेले गव्हाचे पीठ, अंदाजे चार किलो आठशे पन्नास ग्रॅम, तो स्वखुशीने बाहेर नेत आहे. सदर पिठाबाबत सोसायटीची कोणतीही जबाबदारी राहणार नाही." खाली सही. तारीख. वेळ. काकांनी वाचून बघितलं आणि 'कामी' वरचा अनुस्वार खोडला, जो मी दिला होता.

बाहेर आलो. उलटवून बघितलं तर कागदाच्या पुढच्या बाजूला कॅफेचा मेनू. ज्वारीच्या कसल्यातरी वाटीभर प्रकाराला दोनशे ऐंशी रुपये, वर इंग्रजीत 'मिलेट' लिहिलंय. २०२३ साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून ज्वारीला हे नाव पडलं आणि तिचा भाव वधारला, आमच्या आजीला कळलं असतं तर ती भाकरी थापताना जरा ताठ बसली असती. मला राग कशाचा आला सांगू? त्या कॅफेत जायला रस्त्यावरून सरळ काचेचं दार आहे. ओटीपी नाही, फोटो नाही, कुणाकडे चाललात नाही. ज्वारी खायची असली तर या, बसा, एसी आहे. ज्वारी दळायची असली तर मागून, पेस्ट कंट्रोल म्हणून. आणि मामा म्हणत होते की गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय, म्हाताऱ्या बायका गेटवरूनच परत जातात, त्यांना ओटीपी वाचता येत नाही. हे ते गिरणी बंद करून म्हणाले, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून.

घरी आईने डबा उघडला, अंगठ्यावर पीठ चोळलं. एकदा. परत एकदा.

"गव्हावर दळलंय."

"नाही गं, मी समोर उभा होतो."

"चिकट लागतंय. गहूच आहे." मग तिला डब्याच्या झाकणाखाली अर्ज सापडला, मीच घाईत तिथे कोंबला होता, तर त्या पोराकडे काय गेलं देव जाणे, बहुतेक विजेचं बिल. तिने चष्मा लावून तो अर्ज पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. माझ्याच अक्षरात, गव्हाचं पीठ.

सकाळी आठला फोन. अनोळखी नंबर. ६०२. मुंग्या अजून आहेत, तुम्ही कधी येताय?

मी दोन सेकंद गप्प बसलो. मग विचारलं, "लाल आहेत की काळ्या?"