लॉगबुकवर सही माझीच आहे

परीक्षा पंधरा दिवसांवर आली की माझ्या केबिनबाहेर एमबीबीएसनंतर सर्जरीचं पीजी करणारी थर्ड इयरची पोरं लॉगबुकं, म्हणजे ऑपरेशनांच्या नोंदवह्या, काखोटीला मारून उभी राहतात. तीन वर्षांच्या शेकडो नोंदी, आणि प्रत्येकीसमोर गाइडची सही हवी. मी चहा मागवते आणि सह्या ठोकत सुटते. कित्येक वर्षं हेच केलं. सर्जरीच्या प्रशिक्षणाबद्दल आज जे लिहितेय ते या सह्यांमुळेच.

मागच्या वर्षी एका मुलाच्या वहीत हर्नियाच्या ४१ केसेस होत्या. त्यातल्या २२ 'स्वतंत्रपणे केल्या' या रकान्यात. त्याच आठवड्यात ऑपरेशनच्या लिस्टवर एक साधा उजव्या बाजूचा इंग्वायनल, म्हणजे जांघेतला, हर्निया लागला. म्हटलं, "चल, तू कर, मी असिस्ट करते." चीर सुरेख घेतली. एक्स्टर्नल ऑब्लिकला, म्हणजे पोटाच्या सर्वांत बाहेरच्या स्नायूच्या थराला, छेद दिला. कात्री पुढे सरकायला लागली आणि मी त्याचं मनगट धरलं. कात्रीच्या खालच्या पात्यावर पांढऱ्या दोऱ्यासारखी इलिओइंग्वायनल नर्व्ह आली होती. ती कापली की जांघेत बधिरपणा, आणि काहींना वर्षानुवर्षं आग.

"ही काय आहे?"

तो गप्प. मग मास्कच्या आतून हळूच, "मॅडम, इथपर्यंत सर करून द्यायचे. मी मेशची जाळी लावायचो आणि टाके घालून क्लोजर करायचो."

पोरगा खोटं बोलत नव्हता. वहीत पाहिलं, असिस्ट केलं, देखरेखीखाली केलं, स्वतंत्रपणे केलं असे चार रकाने. कोणती पायरी कुणाच्या हातची, याला रकानाच नाही. मग अर्धी केस हाती आली की पोरं ती चौथ्या रकान्यात टाकतात. आणि खाली सही माझी.

आता मला कुणी आळशी म्हणायच्या आत लिस्टचं गणित मांडते. कागदावर ओटी आठला सुरू होते, पहिली चीर सव्वानऊला पडते. दोन वाजले की भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघायला लागतात, आणि त्यांचंही चूक नाही, त्यांना पुढे इमर्जन्सी टेबल सांभाळायचं असतं. लिस्टवर पाच केसेस. तोच हर्निया मी पाऊण तासात संपवते, जेआर-टूकडून (दुसऱ्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटकडून, म्हणजे पीजीच्या विद्यार्थ्याकडून) करून घ्यायचा तर दीड तास, कधी त्याहून जास्त. दोन केसेस शिकवल्या की पाचवा पेशंट रद्द. तो रात्रीपासून उपाशी असतो. गावाहून एसटीने आलेला, सोबतच्या मुलाने दोन दिवसांची मजुरी बुडवलेली. शिकवण्याची किंमत कोण मोजतं, तर तो. म्हणून आम्ही सगळे हुशारीने मधला मार्ग काढतो: अवघड भाग आपण उरकायचा, टाके पोरांना द्यायचे. लिस्टही संपते आणि लॉगबुकही भरतं.

वरून आमच्यावर देखरेख नाही असं नाही. उलट भरपूर आहे. २०२३ च्या पीजी नियमावलीत ८० टक्के हजेरी आहे, थीसिस आहे, संशोधनाचा ऑनलाइन कोर्स आहे, जिल्हा रुग्णालयातले तीन महिने आहेत. (हे तीन महिने मला मनापासून आवडतात. आमची एक मुलगी तिथून आली ती हायड्रोसील आणि अपेंडिक्सवर हात बसवूनच. तिथला सर्जन एकटा होता, त्याला हिची गरज होती. आमच्याकडे ती दुसरी असिस्टंट.) हजेरीसाठी आता चेहरा दाखवायचा. चेहरा मोजला जातो, पण टेबलावर सुई किती मिनिटं कुणाच्या हातात होती, हे कुणीच विचारत नाही.

अमेरिकेत जनरल सर्जरीच्या बोर्डाला पाच वर्षांत किमान ८५० केसेस लागतात, त्यातल्या २०० शेवटच्या, चीफ इयरमध्ये. आकडा सांगितला की आमच्याकडचे ज्येष्ठ हसतात: "आमची पोरं दीड वर्षात करतात तेवढ्या." करत असतीलही. 'सरकारी कॉलेजात हात चालतो' हे वाक्य आपल्याकडे पीजीची ब्रँच निवडताना सर्रास ऐकू येतं. चालतो खरा. रात्री दोनला परफोरेशन, म्हणजे आतड्याला भोक पडलेला पेशंट, येतं, थर्ड इयरचा आणि जेआर-टू पोट उघडतात, लेक्चरर फोनवर. "कर, काही लागलं तर सांग." पण नवख्याला काही लागतंय हे कळणं हीच तर शिकण्यातली निम्मी गोष्ट. म्हणजे दिवसा शिक्षक हजर, तेव्हा काम शिक्षकच करतो, आणि रात्री काम पोरांचं, तेव्हा शिक्षक नाही. शिकवणं नेमकं कधी होतं?

तासांबद्दलही थोडं. रेसिडेंटने सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असे केंद्राचे निर्देश १९९२ चे आहेत. हे वॉर्डात वाचून दाखवा, सिस्टरसुद्धा हसतील. माझ्या पिढीला छत्तीस तासांच्या ड्यूटीचा अभिमान वाटतो, मलाही वाटायचा. पण त्या छत्तीसातले किती तास आम्ही सर्जरी शिकत होतो? सॅम्पल लॅबला पोचवणं, एक्स-रे आणणं, वॉर्डबॉय मामा सापडला नाही की स्ट्रेचर ढकलणं. आताच्या जेआर-वनच्या वाट्याला यात फुले जनआरोग्य योजनेचे फोटो आणि फॉर्म आले. सर्जरीतली रेसिडेन्सीची पद्धत अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हॉल्स्टेड या सर्जनने बसवली, पोरांनी हॉस्पिटलातच राहायचं म्हणून ते रेसिडेंट. हा गृहस्थ स्वतः कोकेन आणि नंतर मॉर्फिनच्या आहारी गेलेला होता, हे आम्हाला सेकंड इयरला कुणीतरी सांगितलं तेव्हा आमची राउंडला झालेली चिडचिड जरा कमी झाली होती.

तर जूनपासून आमच्या युनिटने गुरुवारची लिस्ट तीन केसेसची केली. आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहायचं: कुठली पायरी कोण करणार. मी समोर, असिस्टंटच्या जागी. ओटीतून बाहेर पडायच्या आत पोराने स्वतः काय केलं ते वहीत लिहायचं, सही तिथेच. भूलविभागाशी दोनदा भांडण झालं, ऑपरेशनचा महिन्याचा आकडा पडला म्हणून वरून विचारणाही झाली. उत्तर दिलंय. आणि परवा जेआर-टू वही उघडून चिंतेत: "मॅडम, माझ्या 'स्वतंत्रपणे'मध्ये चारच केसेस आहेत. एक्झामिनर काय म्हणतील?"

खरंच काय म्हणतील? शेजारच्या युनिटच्या वहीत २२ असतील. मी तिला म्हटलं, चार आहेत तर चारच राहू देत. तिचा चेहरा काही खुलला नाही.

या गुरुवारी तिने हर्निया कातडीपासून कातडीपर्यंत केला. एक तास पन्नास मिनिटं. नर्व्ह शोधली, बाजूला घेतली, मला दाखवली. मी दोनदा फोर्सेप्स उचलला आणि खाली ठेवला. पुढचा पेशंट मंगळवारवर ढकलावा लागला. सांगायला मीच वॉर्डात गेले. सत्तरीचे आजोबा, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. म्हणाले, "मंगळवारी तरी नक्की ना बाई? आणि करणार कोण, तुम्ही का ती पोरगी?"

म्हटलं, "ती करेल. मी समोर उभी असेन."

आजोबांनी थोडा विचार केला आणि मुलाला चहा-बिस्कीट आणायला पाठवलं.