दहा हजार वर्षं म्हणे!

सकाळी पुन्हा कुणीतरी मायक्रोसॉफ्टच्या त्या काचेचा व्हिडिओ पाठवला. प्रोजेक्ट सिलिका, म्हणजे काचेत डेटा साठवायचा, तो दहा हजार वर्षं टिकतो म्हणे. खाली 'भारीच ना?' भारी आहेच. म्हणूनच डोकं फिरलं.

क्वार्ट्झच्या काचेत लेझरने अतिसूक्ष्म ठिपके थरावर थर कोरायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरून वाचायचे. २०१९ मध्ये 'सुपरमॅन' हा १९७८ चा अख्खा सिनेमा ७५ मिलिमीटर लांब-रुंद आणि २ मिलिमीटर जाड तुकड्यात बसवला. ७५.६ जीबी. मग तो तुकडा उकळला, भट्टीत भाजला, मायक्रोवेव्हमध्ये फिरवला, तारेच्या घासणीने घासला. डेटा जसाच्या तसा!

माझी हार्ड डिस्क तर साधी टेबलावरून पडलीही नव्हती. एका रात्री टक्‌टक् करायला लागली आणि संपली. तिच्यात बाबांचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. डेटा काढून देणाऱ्याने तीन आठवडे ठेवून घेतली, मग 'आतल्या तबकडीवर ओरखडे आहेत' म्हणून हातात परत. (बॅकअप नव्हता का, असं कॉमेंटमध्ये विचारणाऱ्याला थेट अनफ्रेंड.)

आणि ही काच तुमच्याआमच्या कपाटासाठी नाहीच मुळी. कंपन्यांच्या डेटा सेंटरमधल्या चुंबकीय टेप दर काही वर्षांनी नव्या टेपवर उतरवत बसावं लागतं, ती कटकट संपावी म्हणून हा सगळा खटाटोप. सुपरमॅन अमर झाला. बाबा नाही.

मान्य, सुरुवात कुठूनतरी करावी लागते. पण काच टिकली तरी ती वाचणारं यंत्र टिकायला नको? माझ्याकडच्या फ्लॉपी अगदी ठणठणीत आहेत, घालू कुठे? त्यांना म्हणे बिघाड झालेला नाही, फक्त जग पुढे गेलंय.

असो. चिडून काय होणार. त्या संशोधकांच्या घरीही अशी एखादी मुकी डिस्क पडलेली असेल, कुणी सांगावं.

रेकॉर्डिंगची सुरुवात तेवढी मला पाठ आहे. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बाबा विचारतात, "चालू झालं का रे हे?" मी हो म्हणतो. ते घसा खाकरतात. त्यापुढचं रोज थोडं थोडं पुसट होतंय, आणि मला कळतंय ते.

बाबांना ओळखणाऱ्यांनो, फोनमध्ये त्यांचा एखादा व्हॉइस मेसेज राहिला असेल तर पाठवा. नुसता खोकला असला तरी चालेल.