स्क्रीनशॉटवर नकाशा नको

नकाशा काढण्यावरच्या तुमच्या लेखात गूगल अर्थचा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर नकाशा काढायला सांगितलंय, ते पटलं नाही. स्क्रीनशॉटला अक्षांश-रेखांशाची माहितीच नसते. मीही सुरुवातीला नागपूरच्या अंबाझरी तलावाचा काठ असाच काढला होता. जीपीएसने मोजलेले बिंदू त्यावर टाकले, तर काही थेट पाण्यात पडले! दोन दिवसांची मेहनत वाया गेली.

त्यापेक्षा कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर खातं काढा. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची (म्हणजे चित्रातला एक पिक्सेल जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा तुकडा) चित्रं तिथे फुकट मिळतात, आणि जिओरेफरन्स केलेलीच, म्हणजे अक्षांश-रेखांशाशी जोडलेलीच असतात. क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकली की थेट जागेवर बसतात. याहून बारीक हवं असेल तर एनआरएससीच्या (इस्रोचं दूरसंवेदन केंद्र) भूनिधी संकेतस्थळावर लिस-४ या भारतीय उपग्रहावरच्या कॅमेऱ्याची ५.८ मीटरची चित्रं बघा, नोंदणी केली की मिळतात. पावसाळ्यातली तारीख मात्र निवडू नका, आपल्याकडे तेव्हा ढगच ढग. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. यूटीएम ही मीटरमध्ये मोजायची नकाशा-पद्धत पृथ्वीचे ६-६ अंश रेखांशांचे पट्टे (झोन) पाडते; नागपूर तिच्या ४४ व्या झोनमध्ये येतं, पण अमरावती ४३ व्या. ७८ अंश रेखांशावर हद्द बदलते. दोन्हीकडचं काम एकत्र करताना हे विसरलात तर अंतरं आणि क्षेत्रफळं चुकतात.

आणि एकेक घर मोजायचं असेल, तर १० मीटरच्या पिक्सेलकडून ती अपेक्षा करू नका. नाग नदीचा काठ, झुडपी जंगल, संत्र्याच्या मोठ्या बागा यांसाठी मात्र ही चित्रं पुरेशी आहेत.