शनिवार कुणाचा?

आमच्या चुलतभावंडांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी ७० तासांचं भूत उठतं. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ उजाडताच एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९०वर गेले आणि ‘बायकोकडे किती वेळ बघत बसणार?’ असंही विचारून मोकळे झाले. परवा दादाने तेच पुन्हा टाकलं, खाली माझ्यासाठी खास ओळ: ‘तुम्ही जर्मनीवाले ३५ तासांत दमता!’

मी ४० तास करते. आमची कंपनी युनियनच्या ३५ तासांच्या करारात नाही. पण ते असो.

मूर्तींनी दाखला दिला होता तो महायुद्धानंतरच्या जर्मनीचाच. खरंय, पन्नासच्या दशकात इथे ४८ तासांचा आठवडा होता, शनिवारसकट. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. १९५६च्या मे दिनाला इथल्या कामगार महासंघाने लहान मुलाचं पोस्टर काढलं: ‘शनिवारी बाबा माझे.’ ३५ तासही कुणी उदार होऊन दिलेले नाहीत. त्यासाठी १९८४ साली आमच्या स्टुटगार्टकडचे धातुकामगार संपावर गेले, आणि पश्चिम जर्मनीतल्या त्या उद्योगात पुरते ३५ व्हायला १९९५ साल लागलं. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाने अंगठा टाकला.

माझं डोकं फिरतं ते निराळ्याच गोष्टीवरून. ९० तास राबणाऱ्याचा डबा कोण भरतं? भारताच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ८८. तीही जे पुरुष करतात त्यांचीच. दादा रात्री दहाला हिंजवडीहून येतो तेव्हा वहिनी पोळी गरम करून वाढते. तिच्या तासांवर अजून कुठल्या अध्यक्षाने भाषण केलेलं नाही.

इथे शनिवारी माझा नवरा संडास घासतो, केरवोखेची, म्हणजे इमारतीच्या साफसफाईच्या आठवड्याच्या पाळीची, पाटी आमच्या दाराला आली की जिनाही तोच पुसतो, हे मी जरा जास्तच वेळा सांगते. सांगत नाही ते हे, की जर्मनीच्याच २०२२च्या पाहणीत बायकांची बिनपगारी कामं आठवड्याला जवळजवळ ३० तासांची निघाली, पुरुषांची २१हून कमी. पोस्टरवरच्या पोरानेही शनिवार मागितला तो बाबांचा. आईचा कुणाच्या ध्यानातच नव्हता.

आणि रविवार. दुकानं बंद, काचेच्या बाटल्यासुद्धा टाकायच्या नाहीत. वेळच वेळ. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा कोथरूडहून त्यांना नेलं-आणलं दादाने, त्याच्या त्या ७० तासांतून. डोळ्यांत थेंब घातले वहिनीने. मी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना प्रश्न विचारले, अगदी मुद्देसूद, आणि मग जंगलात फिरायला गेले. माझे मोकळे तास कोथरूडला कुणाच्या कामाचे नाहीत. दादाने हे वादात एकदाही काढलेलं नाही. म्हणून तर मला जर्मनीची बाजू इतकी तावातावाने मांडावी लागते.

चार दिवसांच्या आठवड्याने आपली समृद्धी टिकायची नाही, असं २०२५मध्ये इथले चॅन्सेलर मेर्त्सच म्हणाले. ते कात्रण मी ग्रुपवर टाकलेलं नाही. दादाला सापडेलच.