‘लाड’ या एका शब्दापुरतं

नमस्कार सर,

(सर म्हणते, कारण ‘मीही गाइड आहे’ हे आपणच सुरुवातीला सांगून टाकलंत.)

गुणात्मक संशोधन (म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती, निरीक्षणं यांवर उभं असलेलं) करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या छोट्या गटांतून आधार कसा द्यावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. त्यात सात वाक्यं आहेत. सहांबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. सातवं असं: ‘हे सगळे लाड आहेत बाई, ज्यांना वीस मुलाखती झेपत नाहीत त्यांनी आकडेमोडीचा विषय घ्यावा!!!’ उद्गारचिन्हं तीन. मतभेदाचं मला वावडं नाही. पण विद्यार्थी गाइडसमोर गप्प का होतात यावर ज्या लेखात दोन परिच्छेद आहेत, त्याच्याखाली एका गाइडनेच हे लिहावं, म्हणजे माझं काम आपणच सोपं केलंत.

आधी आपलं जे बरोबर आहे ते. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाच्या ट्रान्स्क्रिप्टला, म्हणजे ते ऐकून शब्दशः लिहून काढायला, सहा तास लागतात, असं मी सरसकट लिहिलं होतं. ते चार ते सहा असं हवं होतं. गटचर्चा असेल, मागे पंखा किंवा रहदारी असेल तर आठसुद्धा. ‘आता सॉफ्टवेअर दोन मिनिटांत करून देतं’ हेही अर्धं खरं. मजकूर पटकन मिळतो, पण तो ध्वनिमुद्रणाशी शब्द न् शब्द ताडून पाहावा लागतो. दोघं एकदम बोलले की यंत्र एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालतं, बोलीतले शब्द प्रमाण करून टाकतं, आणि बोलणारा गप्प झाला की त्या जागी कधी कधी कुणीच न बोललेलं वाक्य लिहून मोकळं होतं. गुणात्मक अभ्यासात ती शांतताच कित्येकदा डेटा असते. शिवाय ध्वनिमुद्रण बाहेरच्या सर्व्हरवर चढवायचं तर मुलाखत देणाऱ्याच्या संमतीपत्रात तशी ओळ हवी. ती नसेल तर दोन मिनिटांची सोय नैतिकता समितीपुढे महागात पडते.

आता ‘झेपत नाहीत’.

वीस मुलाखती झेपणं म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर काय आहे? वीसदा जाऊन प्रत्येकी तासभर बोलणं? तेवढं कुणालाही झेपतं. हिशेब पुढे सुरू होतो. वीस तासांचं ध्वनिमुद्रण, म्हणजे ट्रान्स्क्रिप्टचे ऐंशी ते एकशेवीस तास. तासाला सात-आठ हजार शब्द धरले तरी दीड लाखाच्या आसपास शब्द हाती येतात, म्हणजे बहुतेक प्रबंधांहून जास्त. त्यात एखाद्या मुलाखतीत मूल गेल्याचं, मारहाणीचं, आजारपणाचं एक वाक्य असतं. मुलाखतीत ते एकदाच ऐकू येतं आणि समोर माणूस असल्यामुळे संशोधक सावरूनही असतो. ट्रान्स्क्रिप्ट करताना मात्र तेच वाक्य हेडफोन लावून, एकट्याने, मागे नेऊन तीन-चार वेळा ऐकावं लागतं. पडताळणीत पुन्हा. कोडिंगला, म्हणजे ओळी-ओळींना अर्थाची लेबलं लावताना, पुन्हा. प्रकरण लिहिताना कुठलं अवतरण घ्यायचं ते ठरवताना पुन्हा. म्हणून मुलाखतीच्या दिवशी धडधाकट असलेला विद्यार्थी दोन महिन्यांनी टेबलाशी बसून अडकतो, आणि गाइडला वाटतं की आता फील्डवर्क संपलंय, मग हा करतोय काय? आकडेमोडीच्या विषयात हे असं होत नाही, कारण तिथे ते वाक्य एका रकान्यातला ‘१’ झालेलं असतं. तो विषय सोपा आहे असं मी म्हणत नाही. भार वेगळ्या जागी असतो, एवढंच.

यावरचा उपाय म्हणजे डोक्यावरून हात फिरवणं नव्हे, सर. लेखात लिहिलेल्या गोष्टी अगदी कोरड्या होत्या, पण आपली नजर बहुधा शीर्षकातल्या ‘भावनिक’ या शब्दावरच अडली. दोन जड ध्वनिमुद्रणं लागोपाठ घ्यायची नाहीत, मध्ये एखादी साधी मुलाखत घालायची. पाऊण तास काम, मग हेडफोन काढून उठायचं. झोपायच्या आधी ट्रान्स्क्रिप्ट नाही. मुलाखत संपल्यावर निघण्याआधी वीस-तीस मिनिटं राखून ठेवायची आणि दोन वेगळ्या वह्यांत लिहायचं: एकीत समोर काय दिसलं, काय ऐकलं, दुसरीत आपल्याला काय झालं. या दोन्ही गोष्टी एकाच वहीत गेल्या की काय होतं ते कोडिंगला कळतं. मुलाखत देणारी बाई स्वतःची थट्टा करत काही सांगते, विद्यार्थिनीला ते ऐकून भरून आलेलं असतं, आणि त्या ओळीवर कोड पडतो ‘हतबलता’. तो कोड बाईचा नसतो, ऐकणारीचा असतो. दुसरी वही असेल तर ही चूक पकडता येते. नसेल तर ती थीम (निष्कर्षाचं सूत्र) होऊन थेट प्रकरणात जाऊन बसते.

मुलाखत जड गेली तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत कुणाशी तरी अर्धा तास बोलायचं. प्रश्न तीनच. काय ऐकलंस? ऐकताना तुला काय झालं? त्यामुळे डेटा वाचताना काय निसटेल? नाव-गाव सांगायचं नाही. ट्रान्स्क्रिप्टचा तुकडा दाखवणार असाल तर त्याचाही उल्लेख संमतीपत्रात आधीच हवा. हे हमखास राहून जातं आणि मग गट फक्त गप्पांचा उरतो. आपल्याला हे लाड वाटतात. संशोधनपद्धतीचे अभ्यासक लिंकन आणि गुबा यांनी 1985 मध्ये गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेचे निकष मांडले, तेव्हा अभ्यासाबाहेरच्या सहकाऱ्यापुढे आपलं काम उलगडून दाखवणं हे त्यांनी विश्वासार्हतेच्या तंत्रांमध्येच धरलं होतं. संशोधकाच्या मनातलं साचलेलं मोकळं होणं हा त्याचा एक उपयोग त्यांनीही सांगितला आहे. म्हणजे ज्याला आपण लाड म्हणता ते पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं असतं. तुमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ते कुठल्या पानावर आहे?

माफ करा, हे जरा तिखट झालं. राहू दे पण.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी आम्ही पीएचडी केली’ हे आपलं पाचवं वाक्य. बरोबर आहे, केलीत. ज्यांनी तेव्हा अर्ध्यात सोडली ते आज प्रतिक्रिया लिहायला येत नाहीत. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या 3,659 पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 32 टक्के विद्यार्थ्यांना मानसिक आजाराचा धोका दिसला. ते सगळ्या विद्याशाखांचे विद्यार्थी होते, फक्त गुणात्मकवाले नव्हते, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते.

मी स्वतः बारा वर्षं विद्यार्थ्यांचे असे गट चालवते आहे, तेव्हा ‘पुस्तकी’ हा शेरा निदान मला लागू नाही. गट कशाने मोडतो ते पुस्तकात सापडत नाही. चार-पाच जण, पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास. सातवा माणूस आला की दोघं बोलायचे थांबतात. एका बैठकीत एकाचीच दोन पानं, आणि पहिली दहा मिनिटं सल्ला द्यायला बंदी. नाहीतर गटातला एखादा हुशार प्रत्येक अडचणीवर झटकन उपाय सांगतो आणि अडलेला माणूस ‘हो, बघतो’ म्हणून मिटतो. एकाच गाइडचे दोन विद्यार्थी एका गटात नकोत. लागोपाठ दोन बैठका हुकल्या तर गट संपलाच म्हणून समजा.

आणि गटात रडतात कमी, कोड जास्त निस्तरतात. तिसऱ्या-चौथ्या ट्रान्स्क्रिप्टपर्यंत दीड-दोनशे कोड होतात, ‘ताण’ आणि ‘दडपण’ यांतला फरक ज्याने ते लिहिले त्यालाच आठवत नाही, आणि ते मान्य करायला लाज वाटते म्हणून फाइल उघडणंच बंद होतं. बाहेरून तो आळस दिसतो. प्रत्येक कोडपुढे एका ओळीत अर्थ, त्यात काय येत नाही ते, आणि नमुन्याचं एक वाक्य लिहायला लावलं की निम्मे कोड आपोआप एकमेकांत मिसळतात. मग दुसऱ्या कुणाकडून तीच दोन पानं स्वतंत्रपणे कोड करून घ्यायची. किती टक्के जुळलं हे मोजायला नव्हे. कुठे जुळलं नाही आणि का, यावर बोलायला. (यात टक्केवारीचा आग्रह धरणारे परीक्षक भेटतात. त्यांना कुठल्या पद्धतीत ती चालते आणि कुठल्या पद्धतीत गैरलागू ठरते, याचं उत्तर व्हायवाआधी तयार ठेवायचं.)

गट म्हणजे उपचार नव्हे, हेही लेखात होतं. दोन आठवडे झोप लागत नसेल, ध्वनिमुद्रणातले आवाज नको तेव्हा आठवत असतील, तर समुपदेशकाकडे जायचं. गटाने तिथे पंडिती करायची नाही.

उरलं तिसरं वाक्य: हे सगळं गट करणार असतील तर गाइडने काय करायचं, आणि एकेकाकडे सहा-सात विद्यार्थी असताना त्याला वेळ कुठून मिळायचा. तो लेखाचा विषय नव्हता. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. शुद्धलेखनाची चूक दाखवलीत, आभारी आहे.

‘चार ते सहा तास’ ही दुरुस्ती आज लेखात केली आहे. ‘लाड’ हा शब्द माझ्या लेखात कुठेच नव्हता, त्यामुळे तिथे दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.